लूट कुणाची, शब्द कुणाचा : ऑनलाइन खेळांतल्या गटशिस्तीचा आढावा

प्रश्नाचा आवाका

चाळीस जणांनी तीन तास झटून एक राक्षस मारला आणि त्याच्याकडून दोन-तीनच वस्तू मिळाल्या, तर त्या कुणी घ्यायच्या? चौघांच्या तुकडीतला एक जण घायाळ होऊन पडला, तर बाकीच्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला उठवायचं की पुढे निघून जायचं? आठवडाभर न आलेल्या सदस्याला गिल्डमधून, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटातून, काढायचं की त्याची अडचण आधी विचारायची? ऑनलाइन खेळांत गटाने खेळणाऱ्यांपुढे हे प्रश्न रोज उभे राहतात. गेली पंचवीस वर्षं त्यांवर खेळाडू, खेळ बनवणाऱ्या कंपन्या आणि समाजशास्त्राचे अभ्यासक वाद घालत आले आहेत. ठाणे जिल्ह्यात भातसानगरच्या वसाहतीत, शहापूरच्या बाजारपेठेत किंवा मुरबाडच्या एसटी स्थानकावर फोनवर स्क्वाड करून खेळणाऱ्या मुलांपुढेही तेच प्रश्न आहेत, फक्त आकार लहान आहे आणि पडदा हातभर अंतरावर आहे.

हा वाद बहुतेक वेळा वाटपाच्या पद्धतीवरून होतो. कुठली पद्धत न्याय्य, गुणांची की चिठ्ठीची, लिलावाची की पुढाऱ्यांच्या निर्णयाची, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. पण आजवरचा अनुभव एकत्र ठेवून पाहिला, तर वेगळाच निष्कर्ष निघतो. अट लढाईच्या आधी ठरली होती का, ती प्रत्येकाला कळली होती का, आणि ती मोडली गेली तर दाद मागायला जागा होती का, या तीन गोष्टींवर गट टिकतो किंवा फुटतो. पद्धत कुठली, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. पुढचा आढावा हे म्हणणं तपासण्यासाठी आहे. त्याला छेद देणारे मुद्देही त्यात आहेत.

पार्श्वभूमी

अनेकांनी एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरायचं, ही कल्पना 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात तयार झालेल्या ‘मड’ या खेळापर्यंत मागे जाते. तो खेळ निव्वळ मजकुरावर चालायचा. चित्रमय जगात मोठ्या जमावाने एकत्र लढण्याची पद्धत रुळली ती मार्च 1999 मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मुळे. त्यातले बलाढ्य ड्रॅगन एकट्या-दुकट्याला मारणं शक्यच नव्हतं. डझनावारी खेळाडूंनी ठरवून एका वेळी जमावं लागे. शिवाय ड्रॅगन सगळ्या सर्व्हरसाठी एकच असायचा. तो एका गिल्डने मारला की पुन्हा प्रकट होईपर्यंत बाकीच्यांनी वाट पाहायची. त्यातून शिस्तीचा प्रश्न दुहेरी झाला : गिल्डच्या आत वाटप कसं करायचं, आणि दोन गिल्डांमध्ये पाळी कशी लावायची. काही सर्व्हरांवर गिल्डांनी आपसांत पाळ्यांचं वेळापत्रक ठरवलं. ते कंपनीने लादलेलं नव्हतं आणि शब्द पाळण्याखेरीज त्यामागे कुठलंही बळ नव्हतं.

याच खेळातल्या ‘आफ्टरलाइफ’ नावाच्या गिल्डमध्ये डीकेपी, म्हणजे ड्रॅगन मारल्याबद्दलच्या गुणांची, पद्धत आकाराला आली. मोहिमेला हजर राहिलं की गुण जमा व्हायचे आणि वस्तू घेतली की ते वजा व्हायचे. नोव्हेंबर 2004 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि ही पद्धत जगभर पसरली. या खेळात प्रत्येक गटाला गुहेची स्वतंत्र प्रत मिळायची, त्यामुळे दोन गिल्डांची रांग जवळपास संपली. पण ‘मोल्टन कोअर’सारख्या मोहिमेत चाळीस जण आणि मोजक्या वस्तू हे प्रमाण कायम राहिलं. टँकने मार झेलायचा, हीलरने जखमा भरायच्या, बाकीच्यांनी वार करायचे, अशी कामाची वाटणी पक्की होती. एकाची चूक सगळ्यांना भोवायची आणि सगळा गट मरून वाइप व्हायचा. एकाच्या ढिलाईची किंमत एकोणचाळीस जण मोजत असतील, तर वागणुकीचे नियम लागणारच होते.

अभ्यासकांचं लक्षही याच काळात इकडे वळलं. टी. एल. टेलर यांचं 2006 मधलं पुस्तक ‘एव्हरक्वेस्ट’च्या खेळाडूंवर आहे, बॉनी नार्डी यांनी 2010 मध्ये आणि मार्क चेन यांनी 2012 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’मधल्या गटांत राहून केलेलं निरीक्षण पुस्तकरूपाने मांडलं. चेन यांच्या पुस्तकात एक मोहीम गट जमण्यापासून फुटण्यापर्यंत पाहायला मिळते. निकोला ड्युशेनो, निक यी आणि सहकाऱ्यांचा 2006 मधला निबंध मात्र सावध करणारा आहे. या जगात माणसं बराच वेळ एकेकटी, पण इतरांच्या सहवासात खेळतात, असं त्यांनी आकडेवारीवरून दाखवलं. त्यामुळे गिल्डच्या शिस्तीवर बोलताना ती सगळ्या खेळाडूंची गोष्ट आहे असं धरून चालता येत नाही.

वाटपाच्या पद्धती आणि त्यांचे कैवारी

पहिली बाजू मोजणीवाल्यांची. डीकेपी आणि तिच्यातून निघालेली ईपीजीपी या पद्धती म्हणतात : जो आला, ज्याने वेळ दिला, त्याचा हक्क आधी. ईपीजीपीमध्ये केलेल्या मेहनतीच्या गुणांना घेतलेल्या वस्तूंच्या गुणांनी भागतात आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला वस्तू मिळते. जुने गुण दर आठवड्याला थोडे झिजवले जातात, म्हणजे कुणी साठेबाज होत नाही. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा आणि जोशुआ फेअरफील्ड यांनी 2007 मध्ये डीकेपीवर स्वतंत्र टिपण लिहिलं. कंपनीने न दिलेलं, खेळाडूंनी स्वतःच उभारलेलं हे खाजगी चलन अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे, आणि अभ्यासकांना त्याचं किती महत्त्व वाटलं ते या टिपणावरून कळतं. मोजणीचा दोष असा की ती हजेरी मोजते, गरज मोजत नाही. शिवाय नवा सदस्य कितीही चांगला खेळला तरी जुन्यांच्या साठ्यापुढे बराच काळ मागेच राहतो.

दुसरी बाजू लूट कौन्सिलची. गिल्डचे चार-पाच जाणते बसतात आणि वस्तू कुणाला दिली तर पुढची लढाई सोपी होईल ते ठरवतात. अवघड मोहिमा करणाऱ्या गिल्डांना ही पद्धत आवडते, कारण तिच्यात वस्तू व्यक्तीची नसते, गटाच्या कामाची असते. तिचा दोष उघड आहे : चार-पाच जणांच्या हाती सगळं गेलं की मैत्री, नातं, मर्जी यांची शंका येते, आणि शंका खरी असो वा खोटी, तिने गट पोखरला जातो. तिसरी बाजू नशिबाची. ‘नीड’ म्हणजे गरज, ‘ग्रीड’ म्हणजे हव्यास, असं बटण दाबायचं आणि रोलमध्ये मोठा आकडा पडेल त्याने घ्यायचं. अनोळखी लोकांच्या घाईघाईत जमवलेल्या गटाला, म्हणजे पगला, हे सोयीचं असतं. पण गरज नसताना ‘नीड’ दाबणारा आणि वस्तू उचलून पळणारा निन्जा हे या पद्धतीचे जुने शत्रू. यातूनच पुढे सॉफ्ट रिझर्व्हची पद्धत आली : मोहीम सुरू होण्याआधीच प्रत्येकाने आपल्याला हवी ती वस्तू लिहून द्यायची, तीच पडली तर ज्यांनी लिहिली आहे त्यांच्यातच चिठ्ठी निघेल.

चौथी आणि सगळ्यांत वादग्रस्त बाजू लिलावाची. जीडीकेपीमध्ये वस्तू खेळातल्या सोन्यावर लिलावात जाते आणि जमलेलं सोनं शेवटी सगळ्यांत वाटलं जातं. तिचे समर्थक म्हणतात की यात कुणी रिकाम्या हाताने जात नाही. ज्याला वस्तू मिळाली नाही त्याला सोनं मिळतं, आणि अनोळखी माणसंही शेवटपर्यंत थांबतात. विरोधक म्हणतात की हे सोनं बाहेर खऱ्या पैशाने विकत मिळतं, म्हणून लिलाव खेळाच्या जगात खिशाची ताकद आणतो. दोन्ही म्हणणी वस्तुस्थितीला धरून आहेत. ‘वॉरक्राफ्ट’ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या त्याच्या आवृत्तीच्या दुसऱ्या टप्प्यापासून या लिलावांवर बंदी घातली, तेव्हा तिने विरोधकांची बाजू घेतली, पण त्यामुळे अनोळखी गट एकत्र धरून ठेवायचा कसा, हा समर्थकांचा प्रश्न सुटला नाही.

या चारही पद्धती शेजारी मांडल्या की एक गोष्ट दिसते. त्यांच्यापैकी प्रत्येकीवर वर्षानुवर्षं चाललेले गट आहेत आणि प्रत्येकीवर फुटलेलेही आहेत. सॉफ्ट रिझर्व्हला मिळालेली पसंती इथे बोलकी आहे. तिचं गणित चिठ्ठीचंच आहे, म्हणजे जुन्या रोलपेक्षा ती फारशी हुशार नाही. तिने फक्त इच्छा उघड करण्याची वेळ बदलली, वस्तू पडल्यानंतरची होती ती पडण्याआधीची केली, आणि तेवढ्याने भांडणाचं मूळ बरंच कापलं गेलं. आपल्याकडे शेतीच्या कामात सावड याच तत्त्वावर चालत आली : आज तुझ्या शिवारात आम्ही राबू, उद्या आमच्या शिवारात तू, हे पेरणीआधी बोललेलं असतं. ओळखीच्या आठ-दहा घरांत वही लागत नाही. चाळीस अनोळखी माणसांत वही लागते. दोन्हीकडे बोलणी आधी झालेली असतात.

कंपन्यांनी नियम हाती घेतले तेव्हा

ही भांडणं खेळाडूंवर सोडण्याऐवजी खेळाच्या रचनेतच मिटवावीत, असा विचार 2009 नंतर बळावला. डिसेंबर 2009 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’मध्ये डंजन फाइंडर आला. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरांवरचे पाच जण आपोआप एकत्र. 2011 च्या अखेरीस तीच सोय मोठ्या मोहिमांना मिळाली, आणि 2012 मध्ये अशा मोहिमांत प्रत्येकाला त्याची वस्तू खेळच परस्पर देऊ लागला. 2018 मध्ये ही वैयक्तिक लूट सर्वत्र सक्तीची झाली. गटप्रमुखाने वस्तू वाटायची जुनी सोय काढून टाकली गेली. पुढाऱ्यांकडून होणारा अन्याय थांबवायचा, हा हेतू होता. तो बराचसा साधलाही. पण जुन्या गिल्डांची तक्रार होती की आमचा निर्णय आमच्याकडून काढून घेतला; ज्याला वस्तूचा उपयोग नाही त्याच्या पदरात ती पडते आणि आम्ही बघत बसतो. 2022 मध्ये ‘ड्रॅगनफ्लाइट’ या विस्ताराबरोबर मोहिमांत गटाच्या रोलची पद्धत पुन्हा आली. कंपनीने दिलेला न्याय आणि गटाने स्वतः केलेला न्याय यांच्यातली ओढाताण अजून संपलेली नाही, हे या माघारीतून स्पष्ट होतं.

फाइंडरबद्दलच्या मतभेदाचं कारण आणखी खोल आहे. टीकाकार म्हणतात, एकाच सर्व्हरवर राहणाऱ्यांची नावं एकमेकांना माहीत असायची. निन्जाला पुढच्या गटात कुणी घेत नसे. बटणाने जमलेल्या गटात पुन्हा भेट होणार नाही, म्हणून वागण्याला धरबंध राहिला नाही. समर्थक म्हणतात, ज्याला रात्रपाळी आहे, ज्याचं मूल लहान आहे, ज्याला गिल्डच्या वेळापत्रकात बसता येत नाही, त्याला पहिल्यांदाच मोहीम पाहायला मिळाली. दोन्ही बाजू तपासायची एक संधी ऑगस्ट 2019 मध्ये आली, जेव्हा खेळाची जुनी, फाइंडर नसलेली आवृत्ती ‘क्लासिक’ म्हणून पुन्हा सुरू झाली. नावाची किंमत काही प्रमाणात परत आली, हे खरं. पण कामगिरीच्या नोंदी पाहून माणसं निवडणं आणि जीडीकेपी याही गोष्टी तिथेच फोफावल्या. म्हणजे जुनी रचना आणली की जुनी माणुसकी आपोआप येते, असं नाही. मधल्या पंधरा वर्षांत खेळाडूंच्या सवयीही बदलल्या होत्या.

मोजमाप, आवाज आणि आदर

वाटपाइतकाच महत्त्वाचा दुसरा वाद मोजमापाचा. कुणी किती वार केले हे दाखवणारी मीटर आली आणि गटात घेण्याआधी आकडे मागण्याची प्रथा पडली. मीटरच्या बाजूने म्हणता येतं की त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते कळतं आणि गटप्रमुखाच्या मर्जीऐवजी पुरावा येतो. विरुद्ध बाजूने म्हणता येतं की मीटर दिसतं तेच मोजतं; वेळेवर सावध करणारा, नवख्याला समजावणारा, वाइप झाल्यावर धीर देणारा माणूस त्यात शून्य दिसतो. ‘फायनल फॅन्टसी फोर्टीन’ने इथे वेगळी वाट धरली. बाहेरची साधनं नियमबाह्य ठरवली आणि मोहीम संपल्यावर सहकाऱ्याला शाबासकीचं मत देण्याची सोय ठेवली. मीटर तिथे लपूनछपून वापरली जातात. पण त्यांवरून कुणाला जाहीर हिणवणं हा गुन्हा ठरतो, आणि त्या समाजाची सौम्य ख्याती त्यातून घडली असं अनेकांचं मत आहे.

आवाजाचा प्रश्न याहून गंभीर आहे. माईकवर बोलल्याशिवाय अवघड लढाई जिंकणं कठीण असतं. पण माईक चालू केला की वय, लिंग, बोली सगळं उघड होतं. जेफ्री कुझनेकॉफ आणि लिंडसी रोझ यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘हेलो थ्री’ खेळताना स्त्रीच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा किंवा मौनापेक्षा तिप्पट नकारात्मक शेरे मिळाले. फेब्रुवारी 2019 मध्ये आलेल्या ‘एपेक्स लेजंड्स’ने न बोलता खुणेने शत्रू, शस्त्र, दिशा दाखवण्याची चांगली सोय दिली, तेव्हा माईक बंद ठेवूनही उपयोगी पडता येतं हे सिद्ध झालं. तरी खुणेच्या सोयीने शिवीगाळ थांबत नाही. ज्याला शिवीगाळ होते त्याला फक्त आडोसा मिळतो.

फोनवरचा गट : शहापूर-मुरबाडची परिस्थिती

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा सगळा वाद संगणकावरून नाही, फोनवरून पोचला. सप्टेंबर 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि ‘पबजी मोबाइल’, ‘फ्री फायर’ गावोगाव गेले. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी आली. जुलै 2021 मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय सुरू झाली, जुलै 2022 मध्ये ती अ‍ॅप स्टोअरमधून हटली आणि मे 2023 मध्ये परतली, तीही अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन आणि इतरांना सहा तासांच्या मर्यादेसह. ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली, पण त्याची ‘मॅक्स’ आवृत्ती चालू राहिली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैशाच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पुण्याच्या सुपरगेमिंगने 2024 मध्ये ‘इंडस’ आणला, म्हणजे असे खेळ आता महाराष्ट्रात बनूही लागले आहेत. दर बंदीबरोबर गट विखुरले आणि दर पुनरागमनाबरोबर पुन्हा जमले. त्यामुळे इथल्या गिल्डची शिस्त खेळापेक्षा ओळखीवर जास्त टेकलेली राहिली. वर्गातली, पाड्यावरची, क्रिकेटच्या संघातली मुलंच स्क्वाड होतात.

फोनवरच्या खेळात चाळीसांची मोहीम नाही, चौघांचा स्क्वाड आहे. तरी प्रश्नांची जात तीच. आकाशातून पडणाऱ्या पेटीतली, म्हणजे एअरड्रॉपमधली, बंदूक आधी पोचणाऱ्याची की नेम चांगला असणाऱ्याची? मी अर्धा मारलेला शत्रू तू संपवलास तर किल कुणाचा? नॉक झालेल्याला, म्हणजे घायाळ पडलेल्याला, रिव्हाइव करून उठवायचं की शत्रूवर रश मारायचा? स्वतः मेल्यावर लगेच लॉबीत परत जायचं की बाकीचे खेळत असताना थांबून त्यांना शत्रू कुठे आहे ते सांगायचं? ‘फ्री फायर मॅक्स’च्या गिल्डमध्ये यावर ग्लोरीची, म्हणजे गिल्डच्या गुणांची, भर पडते. गिल्डची ग्लोरी सदस्यांच्या खेळण्यातून जमते, आणि ठराविक ग्लोरी न देणाऱ्याला लीडर काढून टाकतो. हे डीकेपीचंच नातेवाईक रूप आहे : हजेरीची मोजणी, पण कारणाची नोंद नाही.

आणि इथे कारणं खरी असतात. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या पलीकडे डोंगराच्या आडोशाला असलेल्या पाड्यांवर नेटवर्कचा भरवसा नाही. पावसाळ्यात वीज गेली की फोन चार्ज होत नाही. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा किंवा आसनगावहून पहाटेची लोकल धरणारा रात्री अकराला येऊ शकत नाही. घरात एकच फोन असेल तर तो आईला किंवा भावाला लागतो. गटाला दिसतं ते एवढंच की हा मधेच गायब झाला. इंटरनेट पक्कं असलेल्या शहरात तयार झालेली शिस्त मधेच गेलेल्याला पळपुटा समजते. ती जशीच्या तशी इथे लावली तर शिक्षा वागणुकीला होत नाही, पत्त्याला होते. म्हणून अट आधी ठरवण्याचा मुद्दा इथे अधिक नेमका करावा लागतो : लॅग झाला, म्हणजे नेटवर्क अडखळलं, वीज गेली, घरून हाक आली तर काय, हेही त्या अटीतच आलं पाहिजे.

आक्षेप

पहिला आक्षेप : हा खेळ आहे, त्याला कायदेकानू कशाला? मोकळेपणा गेला तर खेळात उरलं काय? आक्षेपात तथ्य आहे. दोन मित्र गंमत म्हणून खेळत असतील तर नियमावली निरर्थक ठरेल. पण जिथे एकाचा वेळ दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असतो तिथे मोकळेपणा सारखा वाटला जात नाही. ज्याचा आवाज मोठा त्याला तो जास्त मिळतो. थोडक्या, आधी सांगितलेल्या अटी उरलेल्या वेळात सगळ्यांनाच निवांत खेळू देतात. दुसरा आक्षेप : रचनेने सुटेल ते माणसांवर का सोडायचं? वैयक्तिक लुटीचा अनुभव सांगतो की रचना चोरी थांबवते. पण कुणाला थांबून उठवायचं, कुणाची अडचण मानायची, हे ती ठरवू शकत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. अट आधी सांगितली म्हणजे ती न्याय्य होत नाही. ‘सगळ्या चांगल्या वस्तू लीडरच्या’ अशी अटही आधी सांगता येते, आणि पटत नसेल तर जा, असं म्हणता येतं. मित्र सगळे त्याच गिल्डमध्ये असतील तर सोडून जाणं फुकट नसतं. हे मान्य करायलाच हवं. आणि म्हणूनच आधी सांगणं आवश्यक असलं तरी पुरेसं नाही. सामायिक संसाधनं लोक स्वतः कशी सांभाळतात यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात टिकलेल्या व्यवस्थांची काही समान लक्षणं दिली आहेत : नियम ज्यांना लागू आहेत त्यांना ते बदलण्यात वाटा असतो, शिक्षा पायरीपायरीने वाढते, आणि तंटा जवळच, कमी खर्चात मिटवता येतो. ही लक्षणं पाण्याच्या पाटांवरून आणि कुरणांवरून काढलेली आहेत. पण चांगल्या गिल्डचं वर्णन करायला ती अचूक लागू पडतात. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा एका मोहिमेची विश्रांती, तिसऱ्यांदा निरोप, असा क्रम असलेला गट आणि पहिल्याच चुकीला किक करणारा गट यांत किती फरक आहे ते अनुभवी खेळाडूला सांगावं लागत नाही.

न सुटलेलं

काही प्रश्न मात्र उघडेच आहेत. पहिला मुलांचा. इथल्या स्क्वाडमध्ये शाळकरी मुलांची संख्या मोठी आहे. 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो, पण गिल्डचा लीडरच पंधरा वर्षांचा असेल तर दाद कुणाकडे मागायची? दुसरा मुलींचा. माईक बंद ठेवून, मुलाचं नाव घेऊन खेळावं लागत असेल, तर गटाची शिस्त कितीही चोख असली तरी ती अर्ध्या लोकांसाठी नाही. यावर खुणेची सोय हा तोडगा आहे की तडजोड, हे ठरलेलं नाही. तिसरा कंपन्यांचा. आयडी, स्किन, गिल्डचं नाव, वर्षांची ग्लोरी, यांतलं काहीच खेळाडूंच्या मालकीचं नसतं. एका बंदीने किंवा एका बदलाने ते नाहीसं होतं. ज्या नियमांवर माणसं भांडतात, शिकतात, एकमेकांवर विश्वास ठेवायला लागतात, त्यांचं मैदानच दुसऱ्याचं आहे.

या प्रश्नांची उत्तरं एखाद्या नव्या वाटप-पद्धतीतून येणार नाहीत. पंचवीस वर्षांत पद्धती बऱ्याच येऊन गेल्या. त्यांतून उरलेलं ज्ञान साधं आहे आणि चौघांच्या स्क्वाडलाही आजच लागू करता येतं : सामना सुरू होण्याआधी बोला, न येण्याची कारणं मानायची की नाही ते आधीच ठरवा, आणि चुकलेल्याला काढण्याआधी त्याचं ऐकून घ्या. हे करायला कंपनीची परवानगी लागत नाही, वेगवान इंटरनेटही लागत नाही. समोर न दिसणाऱ्या माणसाशी शब्द ठरवून तो पाळण्याची सवय ज्या मुलांना इथे लागेल, त्यांना ती पुढे सहकारी संस्थेच्या सभेत, पाणीवाटपाच्या बैठकीत आणि कामाच्या पाळीतही लागणार आहे. म्हणून या वादाकडे पोरखेळ म्हणून न पाहता शिक्षकांनी, पालकांनी आणि गावातल्या जाणत्यांनी तो गांभीर्याने समजून घ्यावा.